पाण्याखालचे कुरण, कुरणातले घोडे

रामेश्वरची यात्रा करून आलेल्या मंडळींकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. देवळाची लांबच लांब दालने, बावीस तीर्थांचे स्नान, धनुष्कोडीचे वाळूचे टोक आणि भर समुद्रातून जाणारा पांबनचा पूल. पूल ओलांडताना प्रत्येक जण खिडकीशी सरसावून खाली पाहतो. निळे-हिरवे पाणी दिसते, चार होड्या डुलताना दिसतात आणि गाडी पुढे जाते. त्या पाण्याखाली काय आहे, हे मात्र यात्रेच्या वर्णनात सहसा येत नाही, कारण ते वरून दिसतच नाही.

त्या पाण्याखाली गवत आहे. एखाद-दुसरा पुंजका नव्हे, कुरणेच्या कुरणे आहेत. पुलाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. भारताच्या किनाऱ्यावरची समुद्री गवताची सर्वांत मोठी कुरणे या दोन ठिकाणी पसरली आहेत. आणि कुरण म्हटले की गाई-घोडे आलेच. तिथले तमिळ मच्छीमार डुगाँग या भल्या थोरल्या सस्तन प्राण्याला ‘कडल पसु’ म्हणतात आणि वीतभर लांबीच्या एका विचित्र माशाला ‘कडल कुदिरै’. कडल म्हणजे समुद्र, कुदिरै म्हणजे घोडा. आपण मराठीत समुद्रगाय आणि समुद्रघोडा म्हणतो, ते शब्दाला शब्द हेच.

यातली गाय फारच थोडी उरली आहे. साऱ्या भारतात मिळून सुमारे २४०, असा अंदाज दिला जातो. घोडे अजून आहेत. पण त्यांचे चाललेले आहे ते काही बरे नाही. त्यांच्या रक्षणासाठी कायदा होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हे असे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

शेवाळ वेगळे, गवत वेगळे

समुद्रात हिरवे काही दिसले की आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. समुद्री गवत मात्र शेवाळ नाही. शेवाळाला खरी मुळे नसतात, फुले नसतात. समुद्री गवताला मुळे असतात, जमिनीखाली आडवे पसरणारे खोड असते, पाने असतात, फुले येतात, फळे धरतात आणि बीही पडते. म्हणजे आंबा, ज्वारी, मोगरा यांच्यासारखीच ही सपुष्प वनस्पती आहे. तिचे पूर्वज जमिनीवर वाढत होते. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या काहींनी पुन्हा समुद्राचा रस्ता धरला आणि खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडून जगायची कला साधली.

ही कला सोपी नाही. जमिनीवरच्या फुलांना मधमाशी आहे, फुलपाखरू आहे, वारा आहे. पाण्याखालच्या फुलाचे परागकण कोण नेणार? बहुतेक समुद्री गवतांत ते काम पाण्याचा प्रवाहच करतो. पाल्कच्या उपसागरात आढळणाऱ्या एन्हॅलस नावाच्या गवताची तऱ्हा तर आणखी निराळी. याची पाने मीटरभर किंवा त्याहूनही लांब वाढतात. त्याची इवलीशी नरफुले देठापासून सुटून पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि तरंगत तरंगत मादीफुलापर्यंत पोहोचतात.

जगात समुद्री गवताच्या सुमारे ७० जाती आहेत. त्यांतल्या पंधराच्या आसपास भारतात सापडतात आणि त्यांपैकी बहुतेक सगळ्या या तमिळ किनाऱ्यावर आहेत. काहींची पाने चपट्या फितीसारखी, काहींची शेवयांसारखी गोल, तर हॅलोफिलाची पाने लहान मुलाच्या अंगठ्याएवढी आणि लंबगोल. कोकण-गोव्याच्या खाड्यांतही हॅलोफिलाची एक बारीक जात चिखलात वाढते. ओहोटीच्या वेळी ती उघडी पडते, पण चिखलातले पोपटी काहीतरी म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

या गवताला ऊन लागते. म्हणून ते उथळ आणि स्वच्छ पाण्यातच वाढते. पाल्कचा उपसागर त्यासाठी जणू मुद्दाम आखून दिलेली वाफ्याची जागा. बहुतेक भागात पाणी पंधरा मीटरांपेक्षा उथळ, तळ वाळू-चिखलाचा, आणि श्रीलंकेच्या आडोशामुळे मोठ्या लाटांचा मारा कमी.

गवत तिथे उभे राहून करते तरी काय? त्याच्या मुळांचे जाळे तळाची वाळू घट्ट धरून ठेवते. पाने पाण्याची गती कमी करतात, त्यामुळे गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. लाटांचा जोर किनाऱ्याला लागण्याआधीच थोडा मोडतो. कोळंबीची, खेकड्यांची आणि कितीतरी माशांची पिल्ले या पानांच्या आडोशाने मोठी होतात. बाजारात आपण ज्या कोळंबीचा भाव करतो, तिचे बालपण पुष्कळदा अशाच गवतात गेलेले असते. शिवाय हे गवत हवेतून पाण्यात उतरलेला कार्बन घेऊन तळाच्या गाळात पुरून ठेवते. समुद्रतळाचा जेमतेम ०.१ ते ०.२ टक्का भाग या गवताने व्यापलेला आहे, पण समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनपैकी सुमारे १० टक्के कार्बन त्याच्या वाट्याचा असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

बिनपोटाचा घोडा

आता या कुरणातल्या घोड्याकडे वळू. तोंड घोड्याचे, शेपटी माकडासारखी गुंडाळणारी, अंगावर हाडांच्या कड्यांचे चिलखत आणि डोळे सरड्यासारखे दोन दिशांना फिरणारे. एवढे सगळे असूनही हा मासाच. कल्ल्यांनी श्वास घेतो, परांनी पोहतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा, म्हणजे ‘हिप्पोकॅम्पस’चा अर्थ ग्रीक भाषेत घोड्यासारखा समुद्रराक्षस असा होतो. आपल्या मेंदूत आठवणी साठवायला मदत करणारा जो भाग आहे, त्याचा आकार जुन्या शरीरशास्त्रज्ञांना समुद्रघोड्यासारखा वाटला, म्हणून त्यालाही हेच नाव पडले.

जगात समुद्रघोड्याच्या पंचेचाळीसच्या वर जाती आहेत. सर्वांत लहान जातीचा घोडा बोटाच्या पेरात मावेल एवढा, तर सर्वांत मोठा फूटभराहून थोडा अधिक. तमिळ किनाऱ्यावर पिवळसर रंगाचा कुडा, पाठीवर तीन काळे ठिपके असलेला त्रिबिंदू अशा काही जाती मिळतात.

पोहण्यात मात्र हा घोडा अगदीच कच्चा. इतर मासे आडवे पोहतात, हा उभा. पाठीवरचा एवढासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवून तो कसाबसा पुढे सरकतो. जोराचा प्रवाह आला तर त्याला वाहून जाण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच त्याला धरायला काहीतरी लागते. गवताच्या पानाला शेपटीचा वेढा घालायचा आणि तासन् तास तिथेच राहायचे, हा त्याचा जीवनक्रम. त्याच्या शेपटीचा छेद घेतला तर तो गोल नसतो, चौकोनी असतो. २०१५ साली शास्त्रज्ञांनी चौकोनी आणि गोल शेपट्यांचे नमुने करून पाहिले, तेव्हा चौकोनी शेपटी दाब चांगला सोसते आणि पकडही घट्ट घेते, असे दिसून आले.

त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेले अन्न पोटात साठवून ठेवण्याची सोयच नसल्यामुळे त्याला जवळजवळ दिवसभर खात राहावे लागते. पानाला धरून तो निश्चल उभा राहतो, रंग आसपासच्या गवतासारखा करतो आणि बारीक कोळंबीसारखा एखादा जीव तोंडाजवळून गेला की नळीसारख्या तोंडाने तो सटकन् आत ओढतो. समुद्रघोड्याच्या एका बुटक्या जातीवर झालेल्या अभ्यासात शंभरातले नव्वद प्रयत्न यशस्वी झालेले आढळले. सिंह-वाघांनाही हे जमत नाही.

जिथे बाप बाळंत होतो

समुद्रघोड्याची खरी ख्याती आहे ती वेगळ्याच कारणासाठी. या माशात पिल्ले पोटात वाढवायचे काम बापाकडे असते.

पुष्कळ जातींत निदान एका विणीच्या हंगामापुरती तरी जोडी ठरलेली असते. रोज सकाळी नर-मादी एकमेकांना भेटतात. रंग उजळतात, शेपट्या गुंफतात, एकाच पानाभोवती गोल गोल फिरतात आणि थोड्या वेळाने आपापल्या जागी परततात. मीलनाच्या वेळी मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि तिची जबाबदारी संपते. पुढे सगळे नराकडे. पिशवीत अंड्यांना प्राणवायू पुरवायचा, आतल्या पाण्याचा खारटपणा राखायचा, पोषणही द्यायचे. जात आणि पाण्याची उष्णता यांनुसार दोन ते चार आठवडे हे चालते. मग नराला कळा येतात आणि पिशवीतून पिल्ले बाहेर फेकली जातात. लहान जातींत डझनावारी, मोठ्या जातींत कधी हजारांच्या वर.

हजार पिल्ले म्हटल्यावर यांना काय तोटा, असे वाटेल. पण जन्मल्या क्षणापासून ती पोरकी. आई नाही, बाप नाही, पोहता धड येत नाही. हजारातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मोठी होतात. शिवाय ज्या जातींत जोडी ठरलेली असते, तिथे एक जोडीदार जाळ्यात गेला की दुसऱ्याची वीणही काही काळ थांबते. आणि पोटुशा नराला पकडले तर त्याच्याबरोबर पिशवीतली सगळी पिल्ले गेली. मच्छीमारांच्या टोपलीत एक घोडा दिसतो, पण समुद्राच्या हिशेबात वजा होणारा आकडा मोठा असतो.

वाळवलेल्या घोड्यांचा व्यापार

चिनी वैद्यकात समुद्रघोड्याला फार जुन्या काळापासून स्थान आहे. दमा, अशक्तपणा, नपुंसकत्व अशा तक्रारींवर वाळवलेला घोडा उकळून किंवा पूड करून देतात. चीनमध्ये १९८०नंतर लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, तशी ही मागणी झपाट्याने वाढली. त्याशिवाय घरातल्या काचेच्या टाकीत ठेवायला जिवंत घोडे, आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत आठवण म्हणून विकायला वाळलेले घोडे, असे आणखी दोन फाटे फुटले.

जीवशास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट यांनी आशियातल्या बाजारांत आणि बंदरांत हिंडून या व्यापाराचा माग काढला. १९९६ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे २ कोटी समुद्रघोडे या व्यापारात खपतात, असा त्यांचा अंदाज होता. वाळवलेले घोडे पुरवणाऱ्या देशांत भारताचे नाव वरच्या रांगेत होते आणि भारतातला माल मुख्यतः येत होता तो याच तमिळ किनाऱ्यावरून. शिडाच्या होडीमागून गवतावर ओढायची लहान जाळी, पाणबुड्यांनी हाताने वेचलेले घोडे आणि मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर आलेले घोडे, अशा तिन्ही वाटांनी ते गोळा होत. वाळूवर सुकवायचे, दलालाकडे द्यायचे. एरवी फेकून द्यायच्या मालाला चार पैसे मिळत असल्यामुळे गरीब घरांत त्यांचा आधारच वाटे.

२००१ साली केंद्र सरकारने समुद्रघोड्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. म्हणजे वाघाच्या पंगतीला हा वीतभर मासा जाऊन बसला. त्याला पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा ठरला. दुर्मीळ प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखालीही २००२ साली समुद्रघोड्यांच्या सगळ्या जाती घेतल्या गेल्या आणि मे २००४पासून ती तरतूद अमलात आली. कागदावर पाहिले तर समुद्रघोडा आता सुरक्षित व्हायला हवा होता.

कायदा आला, जाळे तेच राहिले

अडचण अशी की समुद्रघोडा पकडायचा म्हणून समुद्रात जाणारे मच्छीमार थोडे. बहुतेक घोडे जाळ्यात येतात ते न बोलावता. तळ खरवडत जाणारे ट्रॉलरचे जाळे कोळंबीसाठी टाकलेले असते. त्याच्या तोंडाला जड साखळी किंवा वजने असतात, बाजूला लाकडी-लोखंडी फळ्या. एंजिनाच्या जोरावर ते तासन् तास ओढले जाते. वाटेत गवत असेल तर ते उपटले जाते, गवताला शेपटी गुंडाळून बसलेला घोडाही त्याच्याबरोबर येतो. निसटून जाण्याइतकी पोहण्याची ताकद त्याच्यात नाही. जाळे वर येईपर्यंत इतर माशांच्या वजनाखाली तो पुष्कळदा मेलेला असतो. मेलेल्या घोड्याला कायदा कसा जिवंत करणार?

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ देशांतली माहिती एकत्र केली गेली. त्यातून निघालेला अंदाज असा की असे न बोलावता जाळ्यात आलेले समुद्रघोडे वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख भरतात. भारतातही बंदीनंतर संशोधकांनी तमिळनाडूच्या मच्छीमार वस्त्यांमध्ये हिंडून लोकांशी बोलणी केली. बंदीनंतरही दरवर्षी लाखोंच्या संख्येने घोडे जाळ्यात येतच असल्याचे त्यांना दिसले. फरक पडला तो एवढाच की पूर्वी उघड चालणारा व्यापार आता चोरून चालतो. विमानतळावर किंवा बंदरावर वाळलेल्या घोड्यांची पोती पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

मच्छीमारांची बाजूही ऐकायला हवी. बंदीनंतर झळ बसली ती आधी लहान होडीवाल्यांना आणि पाणबुड्यांना. त्यांच्या हाताला लागणारा घोडा बहुधा जिवंत असतो आणि तिथल्या तिथे पाण्यात सोडला तर जगूही शकतो. गवताची राखणही खरे तर त्यांनाच हवी आहे, कारण त्यांचे खेकडे, कोळंबी आणि मासे त्याच गवतात वाढतात. ट्रॉलर तळ नांगरून गेला की पुढचे कित्येक दिवस त्यांच्या जाळ्यात काही येत नाही. पाल्कच्या उपसागरात ट्रॉलर आणि लहान होड्या यांची भांडणे जुनी आहेत. ती विकोपाला जाऊ नयेत म्हणून दोघांना आठवड्यातले वेगवेगळे दिवस वाटून द्यावे लागले.

ट्रॉलरवाल्यांनाही सरसकट दोषी धरून भागणार नाही. साठच्या दशकापासून सरकारनेच त्यांना यांत्रिक बोटी घ्यायला उत्तेजन दिले, कर्जे दिली. कोळंबीची निर्यात वाढली, परकीय चलन आले. आता त्या बोटींवर हजारो खलाशांची चूल पेटते. इकडचा तळ रिता होत गेला तसे ते श्रीलंकेच्या हद्दीकडे सरकले. श्रीलंकेने २०१७ साली आपल्या पाण्यात तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली. तेव्हापासून पकडापकडी, बोटींची जप्ती आणि तुरुंग यांच्या बातम्या आपण वाचतोच. गवताचा प्रश्न असा दोन देशांच्या संबंधांपर्यंत पोहोचला आहे.

२०१७ सालीच केंद्र आणि राज्य सरकारने मिळून पाल्कच्या उपसागरातल्या ट्रॉलरमालकांसाठी एक योजना आणली. ट्रॉलर सोडा, त्याऐवजी खोल समुद्रात गळाने किंवा तरंगत्या जाळ्याने टूना धरणारी बोट घ्या, असे तिचे स्वरूप. ८० लाख रुपयांच्या बोटीला मोठे अनुदान होते. पण खोल समुद्रातली मासेमारी म्हणजे कित्येक दिवस घराबाहेर, बर्फाचा आणि डिझेलचा खर्च मोठा, कसब निराळे. सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या माणसाला ते सहजासहजी पचनी पडत नाही. योजनेची गाडी त्यामुळे फार मंद चालली.

घोड्याआधी कुरण

या सगळ्यातून एक गोष्ट ध्यानात येते. घोड्याचे नाव यादीत घालून घोडा वाचत नाही. तो राहतो ते गवत वाचले तरच तो वाचेल. आणि गवताचे शत्रू नुसते ट्रॉलर नाहीत. शहरांचे सांडपाणी, शेतातली खते, किनाऱ्यावरच्या कोळंबी-तळ्यांचे पाणी समुद्रात गेले की शेवाळ माजते, पाणी गढूळ होते आणि तळाच्या गवताला ऊन मिळत नाही. बंदरासाठी गाळ उपसला, तरी तेच. नांगर टाकला की तेवढ्या जागेचे गवत उपटते. तापत चाललेल्या समुद्राची भर आहेच.

तमिळनाडूत अलीकडे काही चांगली पावले पडली आहेत. मन्नारच्या आखातातली २१ बेटे आणि त्यांच्या भोवतीचे पाणी १९८६पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पाल्कच्या उपसागराला मात्र असे कवच नव्हते. सप्टेंबर २०२२मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावूर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटरचा भाग देशातले पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. या पाण्यात १२,२५० हेक्टर गवत आहे. तंजावूर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आता हा नवा ठेवा राखला जात आहे.

नाव समुद्रगाईचे असले तरी फायदा कुरणातल्या सगळ्यांचा आहे. एक डुगाँग दिवसाला ३० ते ४० किलो गवत खाते. तिला पुरेल एवढे कुरण राखले तर घोड्याला शेपटी गुंडाळायला जागा आपोआप राहते. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय सोडून देणाऱ्या मच्छीमारांचा सरकारतर्फे सत्कार होतो, बक्षीस मिळते. प्रसंगी जाळे कापावे लागते, हे लक्षात घेतले तर ते बक्षीस योग्यच म्हणायला हवे.

गवत पुन्हा लावण्याचेही प्रयत्न चालू आहेत. तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने मन्नारच्या आखातात गवताची रोपे चौकटींना बांधून तळाशी लावली. पाल्कच्या उपसागरात ओम्कार फाउंडेशन ही संस्था बांबूच्या चौकटीवर काथ्याची दोरी ताणून तिला रोपे बांधते. पाणबुड्या चौकट तळाशी ठेवून येतो. काही महिन्यांत मुळे वाळूत धरतात, बांबू आणि काथ्या कुजून जातात आणि मागे गवत राहते. या कामात किनाऱ्यावरचे मच्छीमारच हात लावतात. भाताची लावणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे काम पाहिल्यावर परके वाटणार नाही.

धीर धरावा लागतो

परदेशांतल्या दोन ठिकाणांचा अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्टडलंडचा उपसागर आहे. तिथल्या गवतात इंग्लंडच्या दोन्ही देशी जातींचे समुद्रघोडे सापडतात. उन्हाळ्यात शेकडो हौशी नौका तिथे येऊन नांगर टाकतात आणि नांगराच्या साखळ्या तळावर फिरून गवत खरवडतात. २००८ साली समुद्रघोड्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. तरी गवताचे नुकसान थांबले नाही. २०१९मध्ये उपसागर संरक्षित ठरला आणि डिसेंबर २०२१पासून गवताच्या काही भागात नांगर टाकू नये, असे नौकावाल्यांना सांगण्यात आले. हे सांगणे सक्तीचे नाही, स्वेच्छेचे आहे. पण नुसते ‘नको’ म्हणून लोक ऐकत नाहीत, म्हणून तळाला स्क्रूसारखे पक्के बसणारे आणि साखळी फरफटू न देणारे खुंट तिथे बसवले. नाव बांधायला सोयीची जागा मिळाली, तसा वादही निवळू लागला.

दुसरे ठिकाण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावरचे. रोग आणि वादळ यांमुळे १९३०च्या दशकात तिथले गवत पार नाहीसे झाले. सत्तर वर्षे खाड्या उजाड राहिल्या. मग शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक मिळून बी पेरू लागले. सुमारे वीस वर्षांत सात कोटींवर बिया टाकल्या गेल्या आणि आज तिथे ३,६०० हेक्टरांवर गवत डोलते आहे. गेलेले गवत परत आणता येते, पण एक पिढी खर्ची पडते. असलेले राखणे किती स्वस्त, हे यावरून कळावे.

जगभर समुद्री गवताची १ मार्च ही तारीख ठरली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ साली हा जागतिक दिवस जाहीर केला. त्यासाठी पुढाकार घेतला होता श्रीलंकेने. पाल्कच्या उपसागराचा दुसरा किनारा श्रीलंकेचाच. माशांवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांना गवताच्या निमित्ताने एकत्र बसता आले, तर त्याचा लाभ दोन्हीकडच्या लहान होडीवाल्यांना होईल.

घरच्या माणसांनी काय करावे?

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना वाटेल, यात आपला काय संबंध? संबंध थोडा आहे.

रामेश्वर, कन्याकुमारी किंवा कुठल्याही किनाऱ्यावर फिरायला गेल्यावर वाळलेला समुद्रघोडा, किंवा तो घालून केलेली किल्ल्यांची साखळी, कोणी दाखवली तर घेऊ नये. तो बाळगणे कायद्याने गुन्हा आहे. ‘घोडा तर आधीच मेलेला आहे’ ही समजूत खोटी आहे, कारण गिऱ्हाईक आहे म्हणूनच पुढचा घोडा वाळत टाकला जातो. दम्यावर खात्रीचा उपाय म्हणून कोणी त्याची पूड देऊ केली, तर ती नाकारून सरळ डॉक्टरांकडे जावे. घरातल्या टाकीसाठी समुद्रघोडा आणू नये. दिवसभर जिवंत भक्ष्य मागणारा हा प्राणी हौसेच्या टाकीत बहुधा उपासमारीने मरतो.

मालवणला किंवा अंदमानला पाण्याखालचे जग पाहायला जाणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. तिथे गवतावर पाय देऊन उभे राहू नये, होडीवाल्याला नांगर मोकळ्या वाळूवर टाकायला सांगावे. घोडा दिसला तर हात न लावता पाहावा. मुलांना तो दाखवताना पोटाशी पिशवी आहे का, हेही पाहायला सांगावे. पिशवी असली तर तो नर, आणि ती फुगलेली असली तर आत बहुधा पिल्ले आहेत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आपल्या गावच्या खाडीकडे एकदा ओहोटीच्या वेळी नीट पाहावे. चिखलात पोपटी पाने दिसली तर तिथे भराव पडत नाही ना, गटाराचे तोंड तिकडे वळवले जात नाही ना, याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. झाड तोडले की माणसे जमतात. पाण्याखालचे गवत उपटले गेले तर कोणाला कळतही नाही. त्याच्या बाजूने बोलणारे कोणीतरी गावात असावे लागते.

पाल्कच्या उपसागरात दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. ट्रॉलर बंदरात उभे राहतात, तळावरचा गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. तेवढ्या दोन महिन्यांत उपटलेल्या जागी गवताची आडवी खोडे पुन्हा सरकू लागतात. १५ जूनच्या पहाटे एंजिने सुरू होतात. त्या गवतावर पुन्हा फळ्या-साखळ्या फिरवायच्या की नाहीत, हे मच्छीमार, सरकार आणि मासे खाणारे आपण सगळे, यांनी मिळून ठरवायचे आहे.